उष्टी हळद

मला भीती वाटली की मी ओरडते. हा माझा स्वभाव, आणि पन्नाशी उलटल्यावर तो काही बदलायचा नाही. शाळेत पोरं माझ्यामागे मला ‘भोंगा’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण ओवीच्या लग्नाच्या दिवशी मला ओरडायची बंदी होती. माझ्या ताईने, म्हणजे ओवीच्या आईने, तशी शपथच घातली होती. “रोहिणी, त्या पट्टीबद्दल तिकडच्या माणसांसमोर एक अक्षर जरी बोललीस ना, तर पोरीच्या गळ्याची शपथ आहे तुला!” शपथ-बिपथ मी मानत नाही, असं मी चारचौघांत म्हणते. पण गळा ओवीचा होता.

पट्टीची गोष्ट आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी ओवी ताईच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी समोर चहा पीत होते. बोलता बोलता तिची मान एका बाजूला वळली, डावा हात थडथडायला लागला आणि ती पाटावरून आडवी झाली. ताईने कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. मी काय केलं? मी ओरडले. थोड्या वेळाने शुद्धीवर आल्यावर ती पोर मलाच म्हणते, “माऊ, हळू गं. डोकं ठणकतंय.”

सोलापूरला डॉक्टर तांबोळींकडे नेलं. त्यांच्याकडे नव्या तऱ्हेचं यंत्र होतं. डोक्याभोवती एक कडं नुसतं फिरवलं आणि समोरच्या भिंतीवर ओवीचा मेंदू दिसायला लागला. त्यात जागोजाग पांढरे गोल ठिपके.

“भिजवलेला साबुदाणा बघितलाय ना?” डॉक्टर म्हणाल्या. “तसंच आहे हे. पाण्याने भरलेली इवलीशी पिशवी आणि आत एक कण. तो कण म्हणजे जंताचं पिल्लू. डुकराच्या मांसातून येतो ना तो लांब चपटा जंत, त्याचं.”

“आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही!” ताई ताडकन म्हणाली.

“कोथिंबीर येते ना?”

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मांस कच्चं राहिलं तर खाणाऱ्याच्या पोटात जंत वाढतो. पण त्या जंताची अंडी मैल्यातून बाहेर पडतात, ती गटारात जातात, आणि तेच पाणी भाजीवर फिरलं की कुणाच्याही तोंडात जातात. गळ्यात माळ असो नाहीतर नसो. पोटात अंडं फुटतं, पिल्लू रक्तात शिरतं आणि जागा मिळेल तिथे मुक्काम ठोकतं. मांडीत, डोळ्यात, मेंदूत. पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून आमच्याकडची निम्मी पालेभाजी गटाराच्या ‘शुद्ध केलेल्या’ पाण्यावरच पिकते. आणि आम्ही मेले हौसेने वरून कच्ची कोथिंबीर भुरभुरवतो.

“मग मारून टाका की त्यांना!” मी ओरडले.

“मारणं सोपं आहे हो,” त्या म्हणाल्या. “जंत मेल्यावर खरी पंचाईत होते.”

मग त्यांनी पुढचं सांगितलं. जिवंत असताना हे पिल्लू फार हुशारीने राहतं. स्वतःभोवती अशी काही रसायनं सोडतं की आपल्या शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. वर्षानुवर्षं ते तसं निवांत पडून असतं. औषधाने ते मेलं की ती रसायनं थांबतात, पहारेकरी खडबडून जागे होतात आणि त्या जागेवर तुटून पडतात. तिथे सूज येते. पायाला सूज आली तर पाय फुगतो, पण कवटीच्या आत फुगायला जागा कुठली? एखाददुसरं पिल्लू मेलं तर शरीर निभावून नेतं. सगळी एकदम मेली तर माणूस जातो.

“पूर्वी गोळ्या द्यायचो, बरोबर सूज दाबायचं औषध द्यायचो, दवाखान्यात ठेवून घ्यायचो. आणि लोक शेजारणीच्या सांगण्यावरून जंताच्या गोळ्या मनानेच गिळायचे. तपासणी नाही, काही नाही. त्यातल्या काहींची दृष्टी गेली.” डॉक्टरांनी टेबलावर एक चौकोनी पट्टी ठेवली. पातळ, ओल्या पापडासारखी मऊ. “आता हे आलंय. यात दोन थर आहेत. एकात जंत मारायचं औषध, दुसऱ्यात सूज दाबायचं. दंडावर चिकटवायची. दोन्ही औषधं कातडीतून थेंबाथेंबाने रक्तात जातात. एक पिल्लू मरतं, सूज ओसरते, मग दुसरं. महिने लागतात, पण जीव सुखरूप राहतो. रक्तात औषध किती आहे ते पट्टी स्वतः मोजते आणि फोनवर कळवते.”

मग त्यांनी बोट वर केलं. मी वर्गात करते तसंच.

“हे औषध तेला-तुपात विरघळणारं आहे. म्हणून पट्टीला तेल लागू द्यायचं नाही. चोळायचं नाही, शेकायचं नाही, कढत पाणी घ्यायचं नाही. तेल आणि ऊब मिळाली की महिन्याभराचं औषध एका झटक्यात आत जाईल. आणि काहीही झालं तरी पट्टी आपल्या हाताने उपटायची नाही. उपटली की सूज दाबायचं औषधही बंद पडतं, आणि मेलेली पिल्लं आतच राहतात. शेवटचं म्हणजे, दुसरा कुठलाही डॉक्टर हिला हात लावायच्या आधी त्याला हे सगळं सांगायचं. ही काही चोरी नाही, औषध आहे.”

शेवटचं वाक्य त्या ताईकडे बघून बोलल्या. बाई चाणाक्ष होती.

पण ताईने चोरीच केली. आजकाल स्थळ बघताना जन्मपत्रिकेच्या जोडीला आरोग्यपत्रिका मागतात. फोनवर उघडून दाखवायची. त्यातलं नको ते पान झाकून ठेवायची कायद्याने मुभा आहे, आणि झाकलेलं पान समोरच्याला दिसतच नाही. उदगीरचं स्थळ आलं, मुलगा निहार, पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करणारा, हसतमुख. ओवीला तो मनापासून आवडला. ती म्हणाली, “आई, मी त्याला सांगते. तो तसा नाहीये.” ताई म्हणाली, “तो नसेल तसा. त्याची आई? आत्या? फीट येते एवढं ऐकलं की बास, पुढचं कुणी ऐकत नाही. लग्न होऊ दे, पट्टी निघू दे, मग सांगत बस.” पट्टीचे निरोप ताईला ओवीच्या फोनवर नको होते, तो चार मैत्रिणींच्या हातात फिरणार. म्हणून ते निरोप यायचे माझ्या फोनवर. भित्र्या माणसाच्या हातात अशी गोष्ट देऊ नये. मी उठल्या-बसल्या ती रेघ बघायचे. आडवी, शांत रेघ.

लग्नाच्या दिवशी सकाळी हळद होती आणि दुपारी अक्षता. हळदीचं आम्ही ठरवून ठेवलं होतं. डाव्या दंडावरच्या पट्टीवर कातडीच्या रंगाचा पापुद्रा चिकटवला, वर लांब बाह्यांचं पोलकं. डाव्या बाजूला मी बसणार, आणि आंब्याच्या पानाने नुसती टिकली टिकली हळद लावून घ्यायची.

पण उष्टी हळद घेऊन आल्या स्वतः योगिताताई, निहारच्या आई. उंच, धिप्पाड, दिलखुलास बाई. नवऱ्यामुलाला लावून उरलेली हळद मोठ्या वाटीत, वर तेलाची धार सोडलेली. मागे पाच-सहा बायका, गाणी म्हणत.

“हे काय, पानाने?” त्या खळखळून हसल्या. “अशी चिमणीच्या चोचीने हळद लागते होय? माझ्या सासूबाईंनी मला सोलून काढलं होतं!” आणि त्यांनी ओवीची बाही सरळ खांद्यापर्यंत सारली.

“तिथे नको,” मी म्हणाले. “तिला पुरळ आलंय दंडावर.”

“मग तर हळद हवीच की!”

मी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातलं आंब्याचं पान खाली ठेवलं. योगिताताई दोन्ही तळव्यांत तेल-हळद घेऊन ओवीचा दंड चोळायला लागल्या. माया होती हो त्या हातांत, म्हणून तर जास्त भीती वाटत होती. बाकीच्या बायकाही सरसावल्या. कुणी मान, कुणी पाठ, कुणी दंड. ओवी माझ्याकडे बघून कसंनुसं हसत होती. मग बंबातलं वाफाळतं पाणी आलं आणि त्यांनी तिच्या अंगावर तांब्यामागून तांब्या ओतला.

माझ्या कमरेला खोचलेला फोन थरथरला.

मी मोरीच्या आडोशाला गेले. रेघ उभी चढत होती. मी बघत होते आणि ती चढत होती. डॉक्टर तांबोळींचं नाव दाबताना दोनदा भलतीकडेच फोन लागला.

“तेल? आणि गरम पाणी?” डॉक्टरांचा आवाज एकदम बदलला. “नीट ऐका. कोरड्या फडक्याने तेल टिपा, दंड गार ठेवा. पट्टी काढू नका. मी रुग्णवाहिका लावून देते, तुमच्या तालुक्याच्या नाक्यावर उभीच असते. सूज दाबायचं इंजेक्शन त्यातच मिळेल. आणि चक्कर आली म्हणून कुणी ग्लुकोजची बाटली लावेल, अजिबात लावू देऊ नका. त्यातलं पाणी मेंदूत उतरतं, सूज दुप्पट होईल. कळलं ना?”

“ती मरेल का हो?” मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

“वेळ घालवलात तर मरेल,” त्या म्हणाल्या.

नवरीच्या खोलीत ओवी ओल्या केसांनी बसली होती. ताई तिला शालू नेसवायच्या तयारीत. मी दार लावलं आणि एका दमात सगळं सांगितलं. फडकं शोधत होते तोच ताई पुढे झाली. “एवढंच ना? ही मेली पट्टीच नको!”

“ताई, नको!”

पण तिने ओढलीच. चर्रकन आवाज झाला. ती पिवळी लिबलिबीत पट्टी तिच्या मुठीत आली आणि दंडावर लालभडक चौकोन राहिला. रेघ नाहीशी झाली. माझ्या फोनवर नुसतं कोरं पान.

“डॉक्टर म्हणाल्या होत्या ना काढू नका! काय केलंस तू हे?”

“आवाज खाली कर. बाहेर माणसं आहेत.” ताईचे ओठ पांढरे पडले होते, पण हट्ट सुटला नव्हता. “काढली, संपलं. आता अक्षता पडल्या की नेऊ तिला. तासाभराचा तर प्रश्न आहे.”

“तासाभराने तुझ्याकडे पोरगी असेल का?”

“रोहिणी, आत्ता मांडवातून नवरी दवाखान्यात गेली तर पुन्हा या घरात मांडव पडेल का? सांग ना मला. जन्मभर तू सांभाळशील तिला?”

“हो, सांभाळीन!”

“आई,” ओवी मध्येच म्हणाली. ती भिंतीकडे बघत होती. “भिंतीवर काय चमकतंय गं? झिरमिळ्यांसारखं?” भिंतीवर काहीच नव्हतं. मग ती म्हणाली, “माऊ, मला भीती वाटतेय.” आणि तिने डावा हात उजव्या हाताने घट्ट धरला. डाव्या हाताची करंगळी आपली आपणच हलत होती. पुढच्या क्षणी ती पलंगावर कलंडली.

दारावर थाप पडली. ताईने पट्टी पदरात लपवली आणि दार उघडलं. योगिताताई होत्या. “अगं बाई! पोरीला उपास होता ना? घेरी आली. घाबरू नका, आमचे भाऊजी आहेत. भाऊजींना बोलवा रे कुणीतरी!”

भाऊजी म्हणजे निहारचे काका, हाडांचे डॉक्टर. शांत, पोट सुटलेले गृहस्थ, डोक्याला फेटा. उन्हाळ्यातल्या लग्नात कुणी ना कुणी पडतंच, म्हणून त्यांच्या गाडीत सामान तयार असायचं. त्यांनी ओवीची नाडी धरली, फोनवर तिची आरोग्यपत्रिका उघडली.

“पत्रिका स्वच्छ आहे,” ते म्हणाले. “काही आजार नाही, काही औषध चालू नाही. अशक्तपणा दिसतोय. ग्लुकोजची एक बाटली लावू, अर्ध्या तासात टवटवीत होईल. बोहल्यावर उभी राहील बघा.”

“लावा, लावा,” कोणीतरी म्हणालं. आपल्याकडे बाटली म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं.

एका पोरीने खिडकीच्या गजाला बाटली अडकवली. काकांनी ओवीच्या उजव्या हाताला पट्टा बांधला, कापसाने पुसलं. मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. आई आहे, आता तरी बोलेल! ताई भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे पाहून फक्त गळ्याला हात लावला. शपथेची आठवण करून दिली मला.

सुई आत गेली. काकांनी नळीच्या चापाला बोट लावलं.

“थांबा!” मी ओरडले. आयुष्यात इतक्या जोरात कधी ओरडले नव्हते. बाहेरची सनई थांबली. “ते पाणी सोडू नका! तिच्या मेंदूत जंत आहेत! औषध चालू आहे तिला, पट्टी होती दंडावर, तेलाने सगळं औषध अंगात गेलंय. बाटली लावलीत तर मरेल ती! तिला फीट येते, ऐकलंत? फीट येते तिला! आम्ही लपवलं तुमच्यापासून!”

काकांचं मला कौतुक वाटतं. त्यांनी लगेच नळी काढली, बाटली खाली ठेवली आणि मग विचारलं, “पट्टी कुठाय?” मी ताईच्या पदराकडे बोट केलं. ते म्हणाले, “उशी घ्या, डोकं उंच करा. कुशीवर वळवा.” वळवतोय तोच ओवीचं सगळं अंग ताठ झालं आणि झटके सुरू झाले. मेथी निवडताना आले होते ते यापुढे काहीच नव्हते. दातावर दात आपटत होते, डोळे पांढरे झाले होते. हळदीने पिवळी झालेली पोर पलंगावर उडत होती आणि काका म्हणत होते, “दाबू नका, तोंडात काही घालू नका, नुसतं खाली पडू देऊ नका.” मी तिचा पाय धरून बसले होते. मला वाटलं, आता संपलं. मी देवाला काय काय कबूल केलं, आता आठवतही नाही.

रुग्णवाहिका आली तेव्हा निहार दारात उभा होता. मुंडावळ्या कपाळावर, हातात कट्यार. त्याने सगळं ऐकलं होतं. ओवीला स्ट्रेचरवर घेतलं तसा तो मागोमाग आत चढला. त्याच्या आत्या ओरडल्या, “अरे, मुहूर्त!” त्याने मुंडावळ्या काढून खिशात कोंबल्या आणि तो ओवीच्या उशाशी बसला.

मी चढणार एवढ्यात रुग्णवाहिकेतल्या पडद्यावर डॉक्टर तांबोळी दिसल्या. “इंजेक्शन दिलंय. आता दुसरं ऐका. पट्टीवरची हळद कुणाकुणाच्या हाताला लागली?”

“कितीतरी जणींच्या. का हो?”

“ते औषध तेलात उतरलंय. ज्यांनी चोळलं त्यांच्याही तळव्यातून ते आत जाणार. एरवी बिघडत नाही. पण ज्यांच्या डोक्यात आधीच काही दडलेलं असेल, त्यांना थोडंही पुरतं. सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावा. आणि विचारा, कधी झटके आले होते का, लहानपणी, बाळंतपणात, कधीही. आले असतील तर लगेच इकडे या. खरं बोला म्हणावं.”

मी मागे वळले. मांडवाच्या दारात त्या उभ्या होत्या, दोन्हीकडच्या बायका, कोपरापर्यंत पिवळ्या हातांनी. मी तो निरोप जसाच्या तसा मोठ्याने सांगितला. “कुणाला कधी फीट आली होती का? आत्ता सांगा. जिवाशी खेळ आहे.”

नवरे जवळ उभे होते. सासवा उभ्या होत्या, सुनाही होत्या. एकमेकींकडे कुणी बघत नव्हतं. एकीने हात पदराखाली घेतले, मग दुसरीने.

कुणीच बोललं नाही. त्या गप्प राहण्याची मला जेवढी धास्ती वाटली, तेवढी त्या चढत्या रेघेचीही वाटली नव्हती.

सोलापूरला ओवीला आत नेलं. वाटेत तिला आणखी दोनदा झटके येऊन गेले. बाहेरच्या बाकावर मी, ताई आणि मागाहून गाडीने आलेली दोन्हीकडची मंडळी. ताई माझ्यापासून दूर बसली होती. मी शपथ मोडली होती आणि पोरगी आत होती, ती काय विचार करत होती हे मला दिसत होतं. माझ्याही मनात तेच येत होतं, कितीही झटकलं तरी.

उन्हं उतरल्यावर डॉक्टर तांबोळी बाहेर आल्या. चेहरा ओढलेला. “सूज चढायची थांबली आहे. ओसरते आहे, हळूहळू. पुढचे काही दिवस काळजीचेच आहेत. डाव्या बाजूचं तिला नीट दिसत नाहीये, ते परत येईल की नाही आज सांगता येत नाही. पण ती बोलली. ‘माऊ ओरडली ना?’ म्हणून विचारलं.”

मी तोंडावर पदर घेऊन हमसून हमसून रडले.

काचेतून निहार दिसत होता. ओवीच्या उशाशी स्टुलावर बसून तो तिला काहीतरी विचारत होता आणि ती मान हलवत होती. एकदा तो उठला, खिडकीपाशी जाऊन बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, आता हा निघून जाणार. तो परत आला आणि पलंगाच्या उजव्या बाजूला, तिला दिसेल असा बसला. पुढे काय व्हायचं ते होईल. त्या घडीला तो तिथे होता, एवढं मला पुरेसं होतं.

तेवढ्यात माझ्या शेजारी कोणीतरी येऊन बसलं. योगिताताई. सकाळचं खळखळून हसणारं तोंड पार उतरलं होतं. मी मनाची तयारी केली. आता ऐकवणार, फसवलंत म्हणणार. ऐकून घ्यायला हवंच होतं.

त्यांनी मांडीवरचा पदर बाजूला केला. हात साबणाने घासून घासून लाल केले होते, तरी नखांच्या कडेला हळद राहिली होती. उजव्या हाताचा अंगठा अधूनमधून उडत होता. त्या दुसऱ्या हाताने तो दाबून धरायच्या, सोडला की पुन्हा उडायचा.

“मघापासून होतंय,” त्या पुटपुटल्या. “मला लग्नाआधी दोनदा आली होती. आईने शपथ घातली होती, सासरी कुणाला सांगायचं नाही म्हणून. ह्यांनाही ठाऊक नाही अजून.” त्यांनी पलीकडे बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. “मी मरेन का हो?”

सकाळी मी हाच प्रश्न याच आवाजात विचारला होता. मी त्यांचा तो उडणारा हात घट्ट धरला आणि म्हणाले, “चला. आधी आत चला.”

आम्ही उठलो तशी बाकाची फळी करकरली. मी मागे पाहिलं. ताई उभी राहिली होती. पट्टी ओढणारी तिची मूठ अजून पिवळीच होती, धुवायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं.

“रोहिणी,” ती म्हणाली. खाली बघत, लहान पोरीसारखी. “तू दहावीत होतीस तेव्हा मी मोरीत पाय घसरून पडले होते, आठवतं?”

मला आठवत होतं. पाय घसरला, असंच सगळ्यांनी सांगितलं होतं.

“पाय नव्हता गं घसरला,” ताई म्हणाली. तिने पिवळी मूठ माझ्यापुढे धरली, आणि मी दुसऱ्या हाताने तीही धरली.